गोळी कुठं गेली?

आमच्या घरात बंदूक होती, पण वडिलांनी तिनं कधी काही मारल्याचं मला आठवत नाही. एकनळी, ठासणीची. पिकाच्या राखणीसाठी परवाना काढलेली. भुईमूग भरायला लागला की डोंगरातनं रानडुकरं उतरायची. वडील माळ्यावर बसायचे आणि अंधारात एक बार काढायचे. आवाजानं कळप पांगायचा, वडील विडी पेटवायचे. नेम धरायचा प्रश्नच नव्हता. म्हणून 1983 साली कॉलेजात एनसीसीत गेलो आणि घरी सांगितलं की आम्हाला कागदावर गोळ्या मारायला शिकवतात, तेव्हा वडील हसले. म्हणाले, "कागदानं तुमचं काय खाल्लंय रं?"

मला उत्तर देता आलं नाही.

एनसीसीची रायफल पॉइंट टू-टूची. गोळी करंगळीच्या पेरापेक्षाही बारीक. पालथं पडायचं, 25 यार्डांवर कागद, आणि माणशी पाच गोळ्या. वर्षातनं असे मोजके दिवस. गोळ्या मोजून मिळायच्या आणि रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागायच्या. आमचे उस्ताद फौजेतले हवालदार. त्यांची एक सवय होती. गोळी उडाली की कागद बघायच्या आधी विचारायचे, "किधर गया?" घोडा सुटला त्या क्षणी नेम कुठं होता, ते आपल्याला ठाऊक असतं. ते आधी बोलायचं, मग कागद बघायचा. दोन्हींचा मेळ बसला तर गोळी चुकली तरी उस्ताद खूश असायचे.

त्या वर्षी संघाची निवड होती. माझ्या डाव्या हाताला आमच्याच बाजूच्या गावचा एक मुलगा पडला होता. दुसऱ्याच्या रानात रोजगार करणाऱ्याचा पोरगा, पण हात असा स्थिर की उस्ताद त्याचं उदाहरण द्यायचे. आम्ही पाच-पाच गोळ्या मारल्या. माझी चौथी गोळी सुटताना बोट झटक्यानं ओढलं गेलं. मला तेव्हाच कळलं, खाली डावीकडं गेली. निवडीच्या दिवशी मात्र कुणी विचारत नव्हतं.

कागद आणले. माझ्या कागदावर सहा भोकं. पाच एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशी, आणि एक खाली डावीकडं, लांब. शेजाऱ्याच्या कागदावर चारच, तीही एकमेकांना चिकटून. त्याची एक गोळी चुकून माझ्या कागदावर आली होती, हे उघड होतं. मोजणाऱ्यांनी लांबचं भोक त्याच्या नावावर टाकलं आणि पाच जवळची माझ्या. कुणीही तसंच केलं असतं. खरं काय ते मला माहीत होतं. लांबचं भोक माझं होतं. पाचांतलं एक त्याचं होतं.

मी गप्प बसलो. खोटं बोललो नाही, हे मनाला बरीच वर्षं सांगत राहिलो. मला कुणी विचारलंच नाही, मग खोटं कसलं? माझी निवड झाली. त्या शिबिराच्या प्रमाणपत्राचा पुढं मास्तरकीच्या मुलाखतीत थोडा उपयोगही झाला. त्याला झाला असता की नाही, सांगता येत नाही. तो वर्षभरातच कॉलेज सोडून गेला.

निवृत्तीनंतर मी रायफल क्लबाचा सभासद झालो. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक राखायच्या ठासणीच्या बंदुकीला जशी जागा आहे, तशीच क्लबाच्या सभासदाला नेमबाजीसाठी पॉइंट टू-टू रायफलीलाही आहे. डोंगराच्या पोटाशी आमची रेंज. मागं मातीचा उंच बांध, कारण ही बारकी गोळी मोकळी सुटली तर दीड किलोमीटर जाऊ शकते. मोठ्या रायफलीनं हजार यार्डांवर सराव करायचा तर गोळीचा खर्च पेन्शनरच्या खिशाला झेपणारा नाही, आणि तेवढी जागाही मिळत नाही. पण मोठ्या गोळीला लांबवर जे भोगावं लागतं, ते या बारकीला शंभर-दोनशे मीटरमध्येच भोगावं लागतं. ती हळू जाते. 50 मीटरला जुळवलेली रायफल शंभराला जवळजवळ वीतभर खाली मारते, दोनशेला मीटरभराहून जास्त. ऊसाची पानं सळसळतील एवढ्या आडव्या वाऱ्यात ती शंभर मीटरला सहज चार बोटं सरकते. म्हणून रेंजवर मी कागदापेक्षा गवत जास्त बघतो. उन्हाची झळ कुठल्या अंगाला वाहते, लांबच्या चुलीचा धूर कुठं वाकतो, ते बघतो. शेतकऱ्याच्या पोराला हे वेगळं शिकावं लागत नाही. उफणणी करताना वाऱ्याची वाट बघितलेली असते.

रेंजवर महिन्यातनं एखाद-दुसरा रविवार जमतो. बाकी दिवस घरी कोरडा सराव. चेंबरमध्ये एकही जिवंत गोळी नाही, हे दोनदा बघायचं आणि रिकामी पुंगळी घालायची, म्हणजे पिन धातूच्या कडेवर आपटून खराब होत नाही. भिंतीवर काळा ठिपका. नळीवर नाणं ठेवायचं आणि ते न पडता घोडा सोडायचा. याला पैसा लागत नाही.

यातनं मला एक गोष्ट उमगली. गोळी चुकते तेव्हा दोन कारणं असतात, वारा आणि आपण. नेमाची चूक अंतर दुप्पट झालं की दुप्पट होते. वाऱ्याची जवळजवळ चौपट. जवळ असताना दोन्ही सारखीच दिसतात, लांब गेल्यावर वेगळी होतात. पण ती वेगळी ओळखायला पुष्कळ गोळ्या चुकाव्या लागतात, आणि इथंच गरिबाचं अडतं. ज्याला वर्षाला मोजक्याच गोळ्या मिळतात, त्याला आपली चूक कुठली आणि वाऱ्याची कुठली, हे शिकायला फुरसतच नसते. त्याची प्रत्येक गोळी म्हणजे परीक्षा. 2024 च्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसमध्ये 50 मीटर रायफलीत कांस्यपदक घेतलं, तेव्हा आमच्या गावात टीव्हीसमोर गर्दी झाली. तिथं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं, आणि गोळी आमचीच, पॉइंट टू-टू. सगळे पदकाकडं बघत होते. मी मनात त्यामागं चुकलेल्या गोळ्या मोजत होतो, आणि मला तो डाव्या हाताचा मुलगा आठवत होता.

गेल्या साली तो बाजारात भेटला. भाजीचं दुकान. केस पांढरे, हात मात्र तसाच स्थिर, तराजू धरलेला. चहा झाल्यावर मी सगळं सांगितलं. चाळीस वर्षांनी असं सांगणं त्याच्यासाठी होतं की माझं ओझं उतरवण्यासाठी, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला म्हाईत हुतं की गड्या. माजी एक बी गोळी बिघडली न्हवती. बिघडली असती तर हाताला कळलं असतं."

"मग बोलला का नाहीस?"

"कागद तुझा हुता. मी काय सांगणार, त्यातलं चांगलं भोक माझं हाय म्हणून? कुणाला पटलं असतं?"

मी खाली बघितलं. माझं एक वाक्य पुरलं असतं, ते त्याला पटवून द्यायची गरजच पडली नसती. वाऱ्यावर ढकलता येईल असं त्यात काहीच नव्हतं. उस्तादांचा प्रश्न मला 25 यार्डांवर पडला होता आणि उत्तरही मला त्याच वेळी ठाऊक होतं.

निघताना तो म्हणाला, "माझी नात हाय नववीला. तिला शिकीव. पर गोळ्या मोजत बसू नगोस."

आता ती दर रविवारी येते. छऱ्याच्या एअर रायफलीवर, दहा मीटरला. छरे स्वस्त आहेत, मी डबाच पुढ्यात ठेवतो. ती घोडा सोडते आणि मान उंचावून कागदाकडं बघायला लागते. मी तिला थांबवतो आणि विचारतो, "आधी सांग बाळा, कुठं गेली?"