पहारा की लुकमा?

भिवंडीत यंत्रमागावर हयात घालवलेल्या माणसाला म्हातारपणी कमी ऐकू येते, हे आपल्याकडे कुणाला वेगळे सांगावे लागत नाही. बारा बारा तासांच्या पाळ्या आणि मागांचा अखंड खटखटाट कानांची वाट लावतो. अशा बुजुर्गाच्या उशाशी मुलगा मोबाइल ठेवतो, त्यात गोळीच्या वेळेचा गजर लावतो आणि आपले कर्तव्य झाले असे समजून कामावर जातो. गजर शेजाऱ्यांना ऐकू येतो. ज्याच्यासाठी लावला त्याला मात्र येत नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांना औषधाची आठवण देणे हे वरवर किरकोळ काम वाटते. पण त्यात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्याच्या वतीने आपण किती लक्षात ठेवावे, आणि कुठे थांबावे?

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. औषध चुकते ते म्हातारे विसराळू असतात म्हणून, असे आपण सर्रास मानतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 साली दीर्घ आजारांवरील औषधोपचाराचा अहवाल प्रसिद्ध केला. श्रीमंत देशांतही असे निम्मेच रुग्ण औषध सांगितल्याप्रमाणे घेतात आणि गरीब देशांत हे प्रमाण त्याहून कमी आहे, असे त्यात नमूद आहे. म्हणजे हा दोष एकट्या म्हातारपणाचा नाही. आपल्या घरात त्यात आणखी भर पडते. पाकिटावरचे नाव इंग्रजीत, आणि आजीला वाचता येते ते उर्दू किंवा मराठी. ती गोळी ओळखते रंगावरून. पुढच्या महिन्यात मेडिकलवाला तेच औषध दुसऱ्या कंपनीचे देतो, पांढरी गोळी गुलाबी होते. आजी ती नवी समजून जुनीसोबत घेते, किंवा परकी समजून बाजूला ठेवते. येथे तिची स्मृती शाबूत आहे. फसवले आहे ते पाकिटाने.

मग आपण विचारतो, "अम्मी, गोळी घेतली का?" उत्तर येते, "हो, घेतली." सौदीतला मुलगा फोनवर रोज हेच विचारतो आणि हेच ऐकतो. हे उत्तर प्रत्येक वेळी खरे असेलच असे नाही, पण त्याला लबाडी म्हणण्यापूर्वी प्रश्नाकडे बघावे. ज्या बाईने घरातल्या सगळ्यांचे खाणेपिणे, दुखणीखुपणी चाळीस वर्षे लक्षात ठेवली, तिला रोज हजेरी द्यावी लागते. 'हो' म्हणून ती आपली आब राखते.

पहाऱ्याची पद्धत आपल्या शहराला नवी नाही. दाटीच्या वस्तीत क्षयरोग काय करतो हे मागवाल्यांच्या मोहल्ल्यांनी पाहिले आहे. 1997 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात रुग्णाने दुसऱ्याच्या नजरेसमोर गोळी गिळायची पद्धत आली आणि 2006 पर्यंत ती देशभर पोहोचली. तिच्यामागे ठोस कारण होते. क्षयाचा अर्धवट उपचार रुग्णापुरता राहत नाही. जंतू औषधाला दाद देईनासा होतो आणि शेजाऱ्याच्या पोरालाही धोका होतो. रक्तदाबाची गोळी चुकली तर धोका मुख्यतः घेणाऱ्यालाच असतो. म्हणून तिथला पहारा जसाच्या तसा घरात आणण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही.

मग आठवण द्यायची तरी कशी? याचे उत्तर आपल्या मशिदीतच आहे. तरावीहमध्ये हाफिजसाहेब कुरआन पढतात, तेव्हा मागे दुसरा हाफिज कान देऊन उभा असतो. इमाम अडखळले तर तो लुकमा देतो. त्याचेही अदब आहेत. घाई करायची नसते, इमामांना स्वतःला आठवायला अवसर द्यायचा असतो. सुटला तेवढाच शब्द द्यायचा असतो, आणि इमामत आपल्याकडे घ्यायची नसते. लुकमा मिळाला म्हणून इमामांचा मान कमी झाला असे कुणी मानत नाही. स्मरण ही दोघांनी मिळून सांभाळायची गोष्ट आहे, हे तिथे सगळ्यांना मान्य असते.

घरातही तसेच करता येते. आठवड्याचे सात खाने असलेली डबी बुजुर्गांनी स्वतः भरावी, आपण शेजारी बसावे. रिकामा खाना स्वतःच सांगतो, रोज जबानी घ्यावी लागत नाही. गोळी रोजच्या सवयीला बांधावी. फज्र आणि इशा कुणी विसरत नाही. मात्र नमाजच्या वेळा ऋतूप्रमाणे सरकतात. मगरिब हिवाळ्यात सहाच्या सुमारास, तर जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या पुढे असते. ज्या औषधाला ठरावीक तासांचे अंतर लागते, त्यासाठी घड्याळच बरे. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी वेगळी ठेवावी. संधिवातासाठी देतात ती मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. चुकलेली गोळी भरून काढायला दोन एकदम घेऊ नयेत. आणि रमजानची वाट न पाहता, आधीच डॉक्टरांना विचारून सहरी-इफ्तारचा हिशेब बसवावा. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे, हेही प्रेमाने सांगावे.

खरी कसोटी विसरण्यापाशी लागत नाही, नाकारण्यापाशी लागते. शुद्धीवर असलेले वडील म्हणतात, "ही गोळी मला नको, चक्कर येते." अशा वेळी कुणी ती कुटून चहात घालतो. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळण्यासाठी केलेल्या असतात. त्या कुटल्या की सारे औषध एकदम अंगात उतरते. पण अपाय झाला नाही तरी फसवणूक ती फसवणूकच. चक्कर येते ही तक्रार आहे. ती डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे हे आपले काम. बुद्धिभ्रंशाने ज्यांची समजच हरपली, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे निर्णय दुसऱ्याला घ्यावाच लागतो. पण तो डॉक्टरांना विचारून, घरातल्या सर्वांना ठाऊक असेल असा घ्यावा. एकट्याने, चोरून नव्हे.

आणखी एक गोष्ट आपण टाळतो. हे लक्षात ठेवण्याचे काम बहुतेक घरांत सुनेवर पडते. आईबापांची खिदमत मुलावर फर्ज आहे असे आपण व्याख्यानात सांगतो, आणि डबी मात्र तिच्या हाती देतो. परदेशातल्या मुलाने "घेतली का?" एवढेच न विचारता औषधांची यादी, संपण्याची तारीख, डॉक्टरांची पुढची भेट हे आपल्या अंगावर घ्यावे. तेवढे फोनवरून होते.

म्हाताऱ्या माणसाची स्मृती थकते, तेव्हा ती आपल्या हाती अमानत म्हणून येते. अमानत सांभाळायची असते, मालकी सांगायची नसते. अम्मी स्वतःच्या हाताने डबी उघडते आहे तोवर आपण मागच्या सफेत उभे राहावे, कान देऊन.