तोंडपाठ माप

भिवंडीत माणसं जरा मोठ्यानंच बोलतात. त्यात राग नसतो. दिवसरात्र चालणाऱ्या मागांच्या खडखडाटावर आवाज चढवता चढवता गळ्याला तीच पट्टी लागून जाते. लाईट गेली की सगळे माग एकदम गप्प होतात, पण माणसांचा आवाज काही लगेच खाली उतरत नाही. त्या दोन-चार क्षणांत भिवंडीत कुणाचं काय लपून राहील, सांगता येत नाही.

कामतघरच्या बाजूला एका गल्लीत वन्संचं शिवणकाम चालतं. खरं तर त्या एकाच बाईच्या वन्सं, भावाच्या बायकोच्या. पण वहिनी दिवसातून पन्नासदा ती हाक मारते, म्हणून गल्लीनंही तीच उचलली. पद्मानगरच्या तेलुगू सुना, मोमीन घरांतल्या मुली, लग्नसराईत आगरी बायका, सगळ्या त्यांच्याकडेच येतात. वन्संकडे लाल पुठ्ठ्याची एक वही आहे. तीत तीस वर्षांची मापं आहेत. ती उघडायची वेळ मात्र फारशी येत नाही. बाई उंबऱ्यात दिसली की छाती, कंबर, मुंढा, बाहीचा घेर, सगळे आकडे वन्संच्या ओठांवर तयार. याचा त्यांना अभिमान होता, आणि आम्हा गिऱ्हाइकांनाही होता.

बावन्नाव्या वर्षी वहिनीचे गुडघे दुखायला लागले. डॉक्टर म्हणाले, जिने कमी करा आणि येत असेल तर पोहा. पाण्यात गुडघ्यांवर अंगाचा भार पडत नाही. येत असेल तर! वहिनीचं माहेर गणेशपुरीकडचं. पाठीला सुका भोपळा बांधून, परकर खोचून ती विहिरीत पोहायला शिकली होती. लग्नानंतर मात्र तिच्या अंगाला पाणी लागलं ते बादलीतलंच.

ठाण्याच्या तरणतलावावर परकर चालणार नव्हता. सुती कपडा नको, पोहण्याचाच पोशाख हवा, असा नियम. तो मला तरी वाजवी वाटतो. सूत पाणी पिऊन जड होतं आणि त्याचे तंतू सुटून गाळणीत अडकतात. वहिनीनं गुडघ्यापर्यंतचा, बाह्यांचा एक तयार पोशाख आणला. एक्सएल. तो खांद्यांत रुतला. बदलून डबल एक्सएल आणला, तो छातीवर पिशवीसारखा लोंबला.

"माझं अंगच बेढब झालंय," वहिनी म्हणाली आणि पोशाख घडी घालून परत पिशवीत ठेवला.

त्या एक्सएलमागे कुणाचं अंग असतं, हे आपण कधी विचारत नाही. अमेरिकेत 1939-40 साली तिथल्या शेती खात्यानं सुमारे 15,000 बायकांची मापं घेतली आणि तयार कपड्यांच्या नंबरांना त्यांचा आधार झाला. गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं त्या हिशेबातून वगळली होती. आपल्याकडे बराच काळ इंग्लंड-अमेरिकेचेच नंबर थोडेफार बदलून चालवले. भारतीय अंगाचे नंबर ठरवायला सहा शहरांत 25,000 माणसांची मापं घ्यायची, असं निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेनं जाहीर केलं ते 2018 साली. आणि आपण आरशासमोर उभ्या राहून दंडाला चिमटे काढत असतो.

"दुकानाचं कशाला? मी शिवते," वन्सं म्हणाल्या.

"माप घेताय?"

"तुझं माप? झोपेतून उठवलंस तरी सांगेन."

भावानं कारखान्यातून पॉलिस्टरचा एक तुकडा आणून दिला. वन्संनी तो नेहमीसारखा कापला, दोन बोटं सैल ठेवून, आत दाब सोडून. जुन्या काळ्या उषा मशीनवर सरळ टीप मारली. काम इतकं देखणं, की वहिनी तो घालून शेजारी दाखवायला गेली.

पाण्यात उतरल्यावर आत हवा शिरली आणि पाठीचा तंबू झाला. वहिनीनं पहिला हात मारला, तसा अख्खा पोशाख खालून वर ओढला गेला. दुसऱ्या हाताला मुंढ्याची टीप तडतडत सुटली. बायकांची वेळ होती म्हणून निभावलं. घरी येऊन तिनं हा किस्सा हसत हसत सांगितला, पण नंतर जेवली नाही.

रात्री भावानं बहिणीला कापड समजावलं. इतकी वर्षं कापडात काढलेल्या बाईला! "ताण्याचे धागे बीमवरून ताणून आलेले, बाणा त्यांत आडवा ठोकलेला. हे लवणार कुठून? उरेब धरलंस तर थोडं देतं, तेवढंच. आपल्या मागावरचं कापड उभं राहतं, अंगाबरोबर वाकत नाही. पोहायचं कापड विणलेलं असतं, स्वेटरसारखं, फासात फास. शिवाय त्यात लायक्रा."

वन्सं दुसऱ्या दिवशी कल्याणहून लोकल धरून मशीद बंदरला उतरल्या आणि मंगलदास मार्केटातून नायलॉन-लायक्रा घेऊन आल्या. लायक्रा हा ताणणारा धागा 1958 साली जोसेफ शायव्हर्स या अमेरिकी रसायनज्ञानं तयार केला. बायकांची पोटं आवळणाऱ्या आतल्या कपड्यांत रबर असायचं, त्याच्या जागी काहीतरी हवं म्हणून हा शोध चालला होता. आवळण्यासाठी निघालेला धागा पुढे पोहण्याच्या कामी आला, हे मला आवडतं.

आता कापड आलं, पण वन्सं अडल्या. या पोशाखाला एक माप लागतं, जे ब्लाऊजला कधी लागत नाही: खांद्यावरून पुढून खाली, पायांमधून मागं, परत त्याच खांद्यावर. त्यासाठी वहीत रकानाच नव्हता. वन्संनी टेप काढला.

"हात वर कर."

वहिनीनं हात वर केले, ब्लाऊज काखेशी उलटला, आणि वन्संना आतली शिवण दिसली. सगळा दाब सोडलेला. कडेनं वेडेवाकडे हातटाके, वेगळ्याच रंगाच्या दोऱ्यात.

"हे कुणी उसवलं?" वन्संनी मागांवर आवाज चढवून विचारलं.

तेवढ्यात लाईट गेली.

"मी!" वहिनी तितक्याच मोठ्यानं म्हणाली, आणि ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. मग ती हळू आवाजात बोलली. "दहा वर्षं झाली, वन्सं. तुम्ही शिवून दिलंत की रात्री बसून मी दाब सोडते. नाहीतर काखेत काचतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या खात्रीनं शिवता. माप बरोबरच असणार. मला वाटलं, मीच सुटले."

वन्संनी मोबाइलच्या उजेडात वही काढली. वहिनीच्या पानावर वर्ष होतं 1996. त्यानंतर दोन बाळंतपणं झाली होती, एक ऑपरेशन झालं होतं.

बराच वेळ दोघी काही बोलल्या नाहीत. मग वन्सं खाली बसल्या आणि त्या उजेडातच त्यांनी पूर्ण माप घेतलं. खांद्यापासून खांद्यापर्यंतचा तो फेरा सहासष्ट इंच भरला. वन्संनी तो पुन्हा मोजला.

"तुझं धड लांब आहे गं. खांद्यांत काही खोट नाही. दुकानातला पोशाख उभ्यात कमी पडत होता, तो जाऊन खांद्यात रुतायचा."

"मी मोठाच नंबर मागत राहिले."

"मोठा नंबर आडवा वाढतो. तुला लांबी हवी होती."

कापणं सोपं गेलं नाही. ताणणारं कापड अंगापेक्षा कमी कापायचं असतं. तीस वर्षं दोन बोटं सैल सोडणारा हात कमी कापायला धजेना. वन्संनी कापडावर चार इंचांची खूण केली, ताणून ती सहाच्या पुढे जाते का पाहिलं, मग कुठे कात्री चालवली. सुई गोल टोकाची आणली, कारण टोकदार सुई फास तोडते आणि भोक पडतं. सरळ टीप ताणाला तुटते म्हणून शेजारणीच्या मशीनवर झिगझॅग मारली. पहिला पोशाख जुन्या बनियनच्या कापडाचा, नुसता घालून बघायला. पाठीत घोळ राहिला. तो धरून टाचण्या लावल्या आणि मग खरं कापड शिवलं.

वहिनी आता आठवड्यातून तीनदा ठाण्याला जाते. घरी आली की आधी पोशाख साध्या पाण्यातून काढते, क्लोरीन लायक्रा खातं म्हणून. मग भाकरी मागते.

परवा मी ब्लाऊजपीस घेऊन गेले होते. म्हटलं, "जुन्याच मापाचं शिवा, वन्सं. तुम्हाला पाठ आहेच."

त्यांनी वही उघडून माझं पान काढलं आणि वर आजची तारीख घातली.

"पदर बाजूला घे," टेप झटकत त्या म्हणाल्या, "आणि श्वास रोखू नकोस."