जरा सरकून बसा

नाशिकमध्ये 'हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान कुठे?' असं विचारलं, तर बरेच जण क्षणभर थांबतात. 'गोल्फ क्लब' म्हटलं की लगेच हात करून रस्ता दाखवतात. 21 डिसेंबर 1909 च्या रात्री विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा आणि 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेला तो कोवळा मुलगा मैदानाच्या पाटीवर आहे, बोलण्यात नाही. 2020 साली, त्याच 21 डिसेंबरला, याच मैदानावरून किसान सभेचा जथा शेतकरी आंदोलनासाठी दिल्लीकडे निघाला. तारीख जुळली हा योगायोगच. पण त्या दिवशी हे मैदान आंदोलकांचं की हुतात्म्याचं, असं कुणी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. आंदोलनाच्या मंडपाने स्मरणाच्या कार्यक्रमासाठी जागा सोडावी का, हा प्रश्न माझ्या मनात आहे तो मात्र त्याच्या किती तरी आधीपासून.

मी कॉलेजात होते. 30 जानेवारी, हुतात्मा दिन. वडिलांबरोबर सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, बाजूला काही कामासाठी गेले होते. अकराचा भोंगा झाला, माणसं जागच्या जागी उभी राहिली. रस्त्यापलीकडे एक उपोषणाचा मंडप होता, त्यांच्या माइकवर घोषणा चालूच होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. निदान आजच्या दिवशी तरी यांना उठवायला हवं होतं, असं मी वडिलांना म्हटलं. ते काही बोलले नाहीत. रस्ता ओलांडून गेले, मंडपातल्या एकाच्या कानाशी काहीतरी बोलले. माइक बंद झाला आणि सगळे उभे राहिले. एका म्हातारीला उपाशी पोटी उभं राहवेना, तिने मंडपाचा बांबू दोन्ही हातांनी धरला. तोवर दोन मिनिटं कधीच संपली होती, रहदारी सुरू झाली होती. तरी ती माणसं आपली दोन मिनिटं वेगळी उभी राहिली. "सांगितलं तर कळतं माणसाला," वडील एवढंच म्हणाले.

तेव्हा मला ते पटलं नव्हतं. माझं मत साधं होतं: मेलेल्यांचा मान आधी, जिवंतांचं भांडण नंतर. भांडण उद्याही करता येतं.

हे मत पहिल्यांदा ढिलं झालं ते काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाबद्दल वाचताना. 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही मंदिरप्रवेशासाठी दारांशी बसले. पुढच्याच महिन्यात रामनवमीचा उत्सव आला. गावाचा उत्सव आहे, दारं अडवून कसं चालेल, असा सूर तेव्हाही होताच. मग तडजोड झाली, रथ दोन्ही बाजूंनी मिळून ओढायचा. पण सत्याग्रहींच्या हाती दोर येऊच दिला नाही, रथ पुढे पळवला गेला आणि दगडफेक झाली. सत्याग्रह पाच वर्षं रेंगाळला, आणि 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. वाद स्मरणाचा नव्हता, उत्सवाचा होता, हे खरं. पण 'सगळ्या गावाचा दिवस आहे, तुम्ही आज बाजूला व्हा' हे वाक्य तेच आहे. त्या वाक्यामागे दिलेला शब्द मोडला की काय होतं, हे आपल्याच गावाने पाहिलं. आज 2 मार्चला त्याच दाराशी सत्याग्रहाचं स्मरण होतं. म्हणजे ज्यांनी उठायला नकार दिला, त्यांचीच आठवण आपण काढतो.

मुंबईचा हुतात्मा चौक तर याहून बोलका आहे. 21 नोव्हेंबर 1955 ला फ्लोरा फाउंटनपाशी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पुढे शंभरावर माणसं गेली, तिथे स्मारक उभं राहिलं. दर 1 मे रोजी मुख्यमंत्री तिथे पुष्पचक्र वाहतात. आंदोलनासाठी मात्र जागा ठरवून दिलेली आहे ती आझाद मैदानाची. वाहतुकीचं कारण मला समजतं, मीही त्या शहरात ट्रॅफिकमध्ये अडकलेली आहे. पण जे लोक रस्त्यावर उतरले म्हणून मारले गेले, त्यांच्या चौकात रस्त्यावर उतरलेल्या माणसाला थारा नाही, ही गोष्ट मला सलते.

2015 चा ऑगस्ट आला आणि माझं जुनं मत पार कोसळलं. 'वन रँक वन पेन्शन'साठी निवृत्त सैनिक जूनपासून दिल्लीत जंतरमंतरवर बसले होते. स्वातंत्र्यदिनाच्या सुरक्षेचं कारण देऊन 14 ऑगस्टला पोलिसांनी त्यांना हटवायचा प्रयत्न केला. छातीवर पदकं लावलेल्या वृद्धांना पोलीस ओढताहेत, ही दृश्यं टीव्हीवर लागली. ओरड झाली तेव्हा सरकारने पाऊल मागे घेतलं. त्याच महिन्याच्या अखेरीस 1965 च्या युद्धाच्या सुवर्णमहोत्सवाचे सरकारी सोहळे सुरू झाले आणि या आंदोलक सैनिकांनी त्यांवर बहिष्कार टाकला. ज्यांचं स्मरण करायचं त्यांतलेच काही मंडपात बसलेले! आमच्या इंदिरानगरातून देवळाली काही फार लांब नाही. तोफखान्याचं गाव ते. माझे एक काका तिथूनच निवृत्त झाले. पोलिसांची ती दृश्यं लागली तेव्हा ते टीव्हीसमोरून उठून गच्चीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. 'मेलेल्यांचा मान आधी' हे वाक्य मी त्यांच्यासमोर पुन्हा कधी उच्चारलं नाही. मेलेल्यांच्या वतीने जागा मागतंय कोण, हे आधी विचारायला हवं, हे मला त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीने शिकवलं.

तरीही 'आंदोलकाने मुळीच हलू नये' या टोकाला मी गेले नाही. त्याला कारण 6 मार्च 2018. सीबीएसवरून निघालेला किसान सभेचा लाँग मार्च मुंबई नाक्यावरून महामार्गाने आमच्या बाजूला आला. इंदिरानगरच्या बोगद्याजवळ आम्ही काही जण पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे होतो. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडची माणसं, बायका जास्त. एकीच्या चपलेचा अंगठा तुटलेला, तिने तो सुतळीने बांधलेला होता. पाणी प्यायली, बाटली परत दिली, "मागं लई माणूस हाय, त्यांना द्या" म्हणाली. ही माणसं वनहक्काच्या पट्ट्यांसाठी जवळजवळ 180 किलोमीटर चालली. 11 मार्चला सायनच्या सोमय्या मैदानावर पोचली, आणि दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर आहे, मुलांचा खोळंबा नको, म्हणून मुक्काम मोडून रात्रीच पुढे निघाली. पहाटे आझाद मैदानात. अंगावर सहा दिवसांची चाल असताना झोपेचा त्याग करून त्यांनी रस्ता मोकळा ठेवला. कुणी लाठी दाखवली नव्हती.

एसटीत आपण म्हणतो, 'जरा सरकून बसा.' समोरचा सरकतो, तिसरा टेकतो. 'उठा' म्हटलं असतं तर भांडण झालं असतं. सरकणाऱ्याची जागा त्याचीच राहते, म्हणून तो सरकतो.

याचं सर्वांत मोठं उदाहरण मला दिल्लीच्या सीमेवर दिसलं. वर्षभर तंबू टाकून बसलेल्या शेतकऱ्यांनी 9 डिसेंबर 2021 ला आंदोलन थांबवल्याचं जाहीर केलं. ज्यांच्याविरुद्ध ते बसले होते ते कृषी कायदे मागे घेतले गेले होते, विजययात्रा निघायची होती. आदल्याच दिवशी कुन्नूरजवळ हेलिकॉप्टर कोसळून जनरल बिपिन रावत आणि त्यांच्याबरोबरची माणसं गेली होती. 10 तारखेला जनरल रावत यांचा अंत्यविधी होता. शेतकऱ्यांनी यात्रा एक दिवस पुढे ढकलली, 11 तारखेला ट्रॅक्टर निघाले. आंदोलनात आपली सातशेच्या आसपास माणसं गेली, असं शेतकरी संघटना सांगत होत्या, आणि त्या मृत्यूंची नोंद आपल्याकडे नाही असं उत्तर सरकारने संसदेत थोड्याच दिवसांपूर्वी दिलं होतं. ज्यांच्या स्वतःच्या मेलेल्यांची मोजदाद झाली नव्हती, ते दुसऱ्याच्या मेलेल्यासाठी थांबले. हे मी ज्यांना ज्यांना सांगते त्यांतल्या फार थोड्यांना ते आठवतं, आणि याचं मला वाईट वाटतं.

उलट बाजूही नोंदवायला हवी. 2011 मध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरात आर्थिक विषमतेविरुद्धच्या ऑक्युपाय चळवळीचे तंबू नगरपालिकेसमोरच्या ग्रँड परेड चौकात पडले होते. युद्धस्मारक तिथेच. 11 नोव्हेंबरच्या स्मरणदिनासाठी त्या लोकांनी आपणहून तंबू उचलले आणि व्हिक्टोरिया पार्कमध्ये नेले. त्याच 11 नोव्हेंबरला, भर पावसात, पोलिसांनी तिथले तंबू उखडले, काही जणांना अटक केली. पुढच्या वेळी कुणी 'जरा सरका' म्हटलं तर ते का सरकतील? काळारामाच्या रथाची गोष्ट मला इथे पुन्हा आठवते. दोन्हीकडे समजूतदारपणा दाखवणाऱ्यालाच किंमत मोजावी लागली.

म्हणून आज मला कुणी विचारलं, तर मी म्हणते: हो, सरकावं. काही तासांसाठी, फार तर एका दिवसासाठी. पण विनंती मंडपात जाऊन, समोर बसून करावी, आणि परत कधी बसायचं ती वेळ परवानगीच्या कागदावर लिहून द्यावी. नाशिकमध्ये हे अवघड नाही. स्मरणाचे दिवस तर कॅलेंडरवर छापलेले आहेत. शिवाय स्मरणाच्या त्या कार्यक्रमात मंडपातल्यांना बोलवावं, मागच्या रांगेत नव्हे. हटवून मोकळ्या केलेल्या जागेवर वाहिलेली फुलं मला आता बघवत नाहीत.

वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. सीबीएसच्या त्या कोपऱ्यावरून जाताना मंडप असला तर मी आत डोकावते. बांबू धरून उभ्या राहिलेल्या त्या म्हातारीची मागणी काय होती, हे मी त्या दिवशी विचारलंच नव्हतं. आता विचारते, जो कोणी बसलेला असेल त्याला.