जिवंतपणीचा खांदा



येत्या ११ फेब्रुवारीला, लुर्ड्सच्या मातेच्या सणादिवशी, आपण जागतिक रुग्ण दिन पाळणार आहोत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली हा दिवस जाहीर केला व १९९३ पासून तो जगभरच्या ख्रिस्तसभेत पाळला जातो. त्या दिवशी सायंकाळच्या मिस्साच्या वेळी आजाऱ्यांना तैलाभ्यंग संस्कार दिला जाईल. त्याआधी एका आजाराविषयी व एका घराविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात. घर आपल्याच धर्मग्रामातले आहे. त्या घरच्या बाईंनी लिहायला परवानगी दिली, नाव मात्र घालू नका म्हणाल्या. ओळखणारे ओळखतील. न ओळखणाऱ्यांनी शोधत बसू नये.

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षघाती मनुष्य आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. कफर्णहूम गावी प्रभू येशू एका घरात शिकवीत होता. दारात पाय ठेवायला जागा नव्हती. चौघेजण एका लुळ्या माणसाला बाजेवर घेऊन आले, आत शिरता येईना म्हणून छपरावर चढले, छप्पर उसकटले आणि बाज थेट प्रभूपुढे सोडली. (ते छप्पर नंतर कोणी शाकारले हे मार्क सांगत नाही. आपल्याकडे असे झाले असते तर दोन घरांत दोन पिढ्या अबोला राहिला असता.) पुढचे वाक्य आपण घाईने वाचून जातो. येशूने विश्वास पाहिला तो कोणाचा? मार्क अनेकवचन वापरतो. त्या लोकांचा विश्वास पाहून प्रभू आजाऱ्याशी बोलला. बाजेवरचा माणूस सबंध गोष्टीत एक शब्दही बोलत नाही. त्याने काही मागितल्याचे लिहिलेले नाही. त्याला चौघांनी आणले, एवढेच.

मी ज्या घराविषयी लिहितो आहे तेथील कर्त्या पुरुषाला ग्लायोब्लास्टोमा नावाचा मेंदूचा कर्करोग झाला आहे. वय ५४. आवाज चढवून बोललेला कोणी ऐकला नाही असा माणूस. वीस-बावीस वर्षे गायनवृंदात. प्रथम सकाळी डोके दुखू लागले, उलट्या होऊ लागल्या. मग शब्द चुकू लागले. चमचा हवा असला की किल्ली मागायचे. एके दिवशी क्षुल्लक कारणावरून त्यांनी मुलीच्या अंगावर ताट फेकले. घर हादरले. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली की कोणीतरी काही केले आहे, घर बांधून घ्या. पुढच्याच आठवड्यात फिट आली आणि स्कॅनमध्ये गाठ दिसली.

मेंदूतच सुरू होणाऱ्या कर्करोगांपैकी हा अत्यंत आक्रमक, चौथ्या श्रेणीचा. शस्त्रक्रिया करून गाठ काढतात, पण वाडीतली हरळी वरून उपटली तरी तिचे तंतू मातीत राहावेत तसे याचे तंतू चांगल्या मेंदूत पसरलेले असतात. सगळा मेंदू खरवडता येत नाही. म्हणून नंतर सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, असे साधारण ३० वेळा किरणोपचार आणि टेमोझोलोमाइडच्या गोळ्या. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की नुसत्या किरणोपचारावर निम्मे रुग्ण सुमारे १२ महिने जगतात आणि गोळ्या जोडल्या तर हा काळ साडेचौदा महिन्यांच्या आसपास जातो. काही थोडे त्याहून पुष्कळ अधिक जगतात. आकडा म्हणजे देवाने लिहून दिलेली तारीख नव्हे, पण तो लपवल्याने कोणाचे भले होत नाही. त्या ३० दिवसांपैकी प्रत्येक दिवशी या बाई आजारी नवऱ्याला घेऊन वसईहून दादर व तेथून परळ अशा गेल्या आणि संध्याकाळच्या गर्दीत परत आल्या. आपल्यापैकी अनेकजण त्याच गाडीला असू.

हा आजार कोणाच्या पापामुळे होत नाही. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, आणि प्रभूने तो साफ नाकारला, हे योहानच्या नवव्या अध्यायात आहे. तो संसर्गाने होत नाही, करणीने तर नाहीच. 'औषधे बंद करा, विश्वास कमी पडतोय' असे सांगणारा एक प्रार्थनावाला या घरीही येऊन गेला. आपल्या बायबलमधल्या बेन सिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय घरी काढून वाचा. वैद्याला देवानेच नेमले आहे आणि औषधे त्यानेच जमिनीतून उगवली आहेत, असे तेथे सांगितले आहे. मरणाच्या दारातल्या माणसावर अविश्वासाचा आरोप करणारी प्रार्थना ही ख्रिस्ताची प्रार्थना नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपचारांचा त्रास या बाई सोसत होत्या. त्यांना मोडले ते दुसऱ्याच गोष्टीने. एकदा त्या धर्मगुरुनिवासात आल्या आणि म्हणाल्या, "फादर, हे माझे मिस्टर नाहीत. दिसायला तेच आहेत. पण हा माणूस मला शिव्या देतो." गाठ आणि तिच्याभोवतीची सूज यांमुळे स्वभावाचा लगाम सुटतो, सूज उतरवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडनेही चिडचिड वाढते, झोप उडते, चेहरा सुजतो, हे डॉक्टरांनी त्यांना समजावले होते. समजूनही जखम व्हायची ती होतेच. मी त्यांना एवढेच म्हणालो की तीस वर्षे जो माणूस तुम्ही ओळखला तोच खरा, शिव्या आजाराच्या आहेत. ख्रिस्तसभेने माणसाची किंमत त्याच्या बुद्धीवर किंवा वाणीवर कधी ठरवलेली नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला तरी कुठे बोलता येत होते? तेव्हाही दुसऱ्यांनीच त्याच्या वतीने उत्तरे दिली होती.

मग त्यांनी खाली मान घालून विचारले, "यांना लवकर सोडव, अशी मी रात्री प्रार्थना करते. हे पाप आहे का?"

बंधूभगिनींनो, हा प्रश्न अनेक घरांत न विचारता राहतो, म्हणून उत्तर येथे लिहितो. नाही, हे पाप नाही. एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून देवाजवळ मरण मागत होता. देवाने त्याला रागावले नाही. त्याला झोपू दिले, भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. जीव घेणे वेगळे आणि देवाने आपल्या माणसाला घरी न्यावे असे म्हणणे वेगळे. थकलेल्या माणसाला प्रवचनापेक्षा झोप अधिक लागते, हे देवाला ठाऊक आहे. आपल्याला कधी कळेल कोण जाणे.

गेल्या महिन्यात गाठ पुन्हा वाढल्याचे दिसले. आणखी उपचारांनी दिवस फारसे वाढणार नाहीत, हाल मात्र वाढतील, असे ऐकल्यावर घरच्यांनी ते थांबवायचे ठरवले. लगेच मिस्सानंतर अंगणात बोलणे झाले की "यांनी हात टेकले." म्हणून सांगतो. शरीराला न पेलणारे, फळापेक्षा ओझे जास्त असे उपचार घेण्याचे बंधन कोणावर नाही. पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच हे डॉक्टरांना सांगितले होते आणि कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २२७८ व्या परिच्छेदातही ते आहे. वेदना शमवण्यासाठी मॉर्फिनसारखे औषध घेण्यासही मनाई नाही. थांबायचे नाही ते वेगळेच असते: अंग पुसणे, कूस बदलणे, शरीर घेईल तोवर अन्नपाणी, आणि जवळ बसणे. वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती अवेदना सदन आहे. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांसाठी १९८६ साली डॉ. लुईस डिसोझा यांनी सुरू केलेले भारतातले हे पहिले सेवासदन. तेथे बरे करण्याचे आश्वासन नसते, तरी तेथील कामाला कोणी हात टेकणे म्हणत नाही.

एक विनंती धर्मगुरू म्हणून. तैलाभ्यंगाला अजूनही आपल्याकडे 'शेवटचे तेल' समजतात आणि आजारी माणूस घाबरेल म्हणून फादरना बोलावणे लांबवतात. हा संस्कार केवळ मरणाऱ्यांसाठी नाही हे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ मध्येच सांगितले, आणि आजार वाढला तर तो पुन्हा घेता येतो. मेंदूच्या आजारात तर वाट पाहूच नका. वाचा आणि शुद्ध आहे तोवर बोलवा, म्हणजे प्रायश्चित्त संस्कार घेता येईल, ज्याच्याशी वैर आहे त्याच्याशी दोन शब्द बोलता येतील. भाकर गिळता येत नसेल तर कम्युनियन द्राक्षारसाच्या रूपातही देता येते. संकोच करू नका, विचारा.

या घरी मी वेळेवर गेलो, कारण त्यांनी वेळेवर बोलावले. आता त्यांना बायकोचे नाव आठवत नाही. परवा संध्याकाळी मुलीने रोजरी सुरू केली तेव्हा ज्यांच्या तोंडून दिवसभर एक सरळ शब्द निघाला नव्हता, त्यांनी नमो मरियाचा उत्तरार्ध सबंध म्हटला, पाचही दशकांत. डॉक्टर सांगतात की गाणी आणि पाठ प्रार्थना पुष्कळदा अशा रुग्णांत शेवटपर्यंत टिकतात, बोलण्यापेक्षा त्यांची वाट मेंदूत निराळी असते. देवाने ती वाट निराळी ठेवली याबद्दल मी त्याचे आभार मानले.

मदत मागणे लोकांना जड जाते. अमेरिकेचे सिनेटर एडवर्ड केनेडी यांना २००८ साली मेंदूचा कर्करोग झाल्याचे कळले. सत्ता होती, पैसा होता, उत्तमातले उत्तम डॉक्टर होते. २००९ च्या जुलैत त्यांनी राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हाती पोप सोळावे बेनेडिक्ट यांना पत्र पाठवले. त्यात आपल्या दोषांची कबुली होती आणि प्रार्थनेची विनंती होती. पुढच्याच महिन्यात ते वारले. एवढ्या मोठ्या माणसाला 'माझी बाज धरा' म्हणायला लाज वाटली नाही. आपल्या बाई मात्र अजून म्हणतात, "कोणाला कशाला त्रास?"

आपल्याकडे मयताला खांदा द्यायला माणसांची कमी पडत नाही. सुट्टी काढून येतात, रांग लागते. कफर्णहूमच्या चौघांनी खांदा दिला तो जिवंत माणसाला.

तेव्हा असे ठरवले आहे. रात्री दहा ते सकाळी सहा दोघांनी त्या घरी बसायचे, म्हणजे मायलेकी झोपतील. फिट आल्यास काय करायचे, कूस कशी बदलायची, हे आपल्या धर्मग्रामातील एक परिचारिका भगिनी शनिवारी प्रार्थनेनंतर दाखवतील. जाणाऱ्यांनी खाण्याचे डबे नेऊ नयेत, घरात आधीच केक पडून आहेत. पपईच्या पानांच्या रसाचे आणि कोणाच्या मामाच्या आजाराचे सांगू नये. "मला ओळखलंत का?" असे आजाऱ्याला अजिबात विचारू नये. आपले नाव आपणच सांगावे आणि बसावे. रोजरी जवळ ठेवावी. नावे धर्मगुरुनिवासात द्यावीत. सोमवार, बुधवार, गुरुवार, शनिवार व रविवारच्या रात्री भरल्या आहेत. मंगळवार आणि शुक्रवार अजून रिकामे आहेत.

- आपला प्रमुख धर्मगुरू