पाहुण्याचे देणे

आतिथ्याविषयी बोलताना आपण बहुधा यजमानाचाच विचार करतो. संत बेनेडिक्टांनी सहाव्या शतकातील आपल्या नियमावलीच्या ५३ व्या प्रकरणात पाहुण्याला प्रत्यक्ष ख्रिस्त समजून घरात घ्यावे असे सांगितले, आणि गरीब व यात्रेकरू यांची अधिक काळजी वाहण्यास बजावले. श्रीमंताचा दरारा त्याला मान मिळवून देतोच. (किती अचूक निरीक्षण!) मात्र पाहुण्याचे कर्तव्य कोणते?

उत्तर स्पेनमध्ये सांतियागो दे कोंपोस्तेला या तीर्थक्षेत्राकडे जाणाऱ्या, मध्ययुगापासून यात्रेकरूंनी तुडविलेल्या वाटेवर ग्रान्योन हे लहानसे गाव आहे. तेथील चर्चच्या आश्रयाने, पाठीवर पिशवी घेऊन पायी आलेल्यांना निवारा मिळतो. जमिनीवर गाद्या, एका पंगतीत जेवण आणि एक उघडी पेटी: जमेल ते ठेवावे, गरज असेल ते घ्यावे. भाड्याचा आकडा नाही.

खिशात पैसे असताना तेथे फुकट निजावे काय? देणगी ऐच्छिक आहे, मग हिशेब कसला, असे कोणी म्हणेल. आम्हांला ते पटत नाही. अशा ठिकाणी काल आलेल्यांनी ठेवले, त्यातून आज चूल पेटते. ऐपत असून हात आखडणारा उद्याच्या अनोळखी वाटसरूचा घास कमी करतो. याउलट, नोट टाकून उतराई झालो असे मानणारा त्या घराची खानावळ करतो. भांडी विसळायला तोही उभा राहू शकतो. आणि ज्याच्यापाशी खरोखरच काही नाही, त्याने पेटीत हात घालताना संकोचू नये. ती त्याच्यासाठीच उघडी आहे.