एका बाटलीचा ताळेबंद

माझ्या पाकिटात आरोग्याचा एक दाखला असतो. म्हणजे प्रकृती ठणठणीत असल्याचा नव्हे. ती तशी राहावी म्हणून मला बियर पिऊ द्यायला सरकारची हरकत नसल्याचा. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून लागू आहे आणि त्याप्रमाणे पिणाऱ्याजवळ परवाना हवा. तो मिळतो आरोग्याच्या जपणुकीसाठी. मौजेसाठी परवाना मिळत नाही. कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मला ह्या नोंदीचे फार कौतुक वाटते. खर्च मौजेचा आणि खतावणी औषधपाण्याच्या खात्यावर! बँकेत मी अशी नोंद केली तर इन्स्पेक्शनवाले मलाच औषधाला ठेवणार नाहीत. सौ.ला परवाना दाखवला तेव्हा तिने तो चष्मा लावून वाचला आणि एवढेच विचारले, "मग सकाळी उपाशीपोटी का नाही घेत?"

तर दर दुसऱ्या शनिवारी आम्ही चौघे आरोग्याच्या जपणुकीसाठी गंगापूर रोडवर वकिलांच्या गच्चीत जमतो. आवडी चौघांच्या चार तऱ्हा. वकिलांना स्ट्राँग लागते. पैसे वसूल झाल्याखेरीज त्यांना चव लागत नाही. प्रोफेसर गव्हाच्या बियरचे भक्त. २००९ साली पुण्यात 'डूलाली' निघाली, तेव्हापासून पुण्याला ते परीक्षेच्या पेपरांसाठी जातात की दुसऱ्या कशासाठी, हा आमच्यात वादाचा विषय आहे. त्या बियरला केळ्याचा वास येतो म्हणतात. मी म्हणतो, मग केळेच खावे. चार दिवस टिकते तरी. आमच्या द्राक्षवाल्या मित्राची बाग दिंडोरीकडे. त्याचा निकष एकच, "गार आहे का?" आणि मी माइल्डवाला. खरे सांगायचे तर मला फरक कळत नाही. पण शंभराच्या नोटेचा वॉटरमार्क पाहावा तसा ग्लास उजेडाकडे धरून "हं!" म्हणायला मी शिकलो आहे. जाणकारी निम्मी त्या 'हं'मध्ये असते.

प्रोफेसरांकडे बियरच्या गमतींचा न संपणारा साठा आहे. १५१६ साली बव्हेरियात कायदा झाला, की बियरमध्ये पाणी, जव आणि हॉप्स एवढेच घालावे. जिच्यावाचून बियर होतच नाही त्या यीस्टचा त्यात उल्लेखच नाही, कारण ती चीज काय आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. (असे न दिसता काम करणारे आमच्या शाखेतही एक-दोन आहेत. प्रमोशनच्या यादीत त्यांचाही उल्लेख नसतो.) आर्थर गिनेसने १७५९ मध्ये डब्लिनची जागा वर्षाला ४५ पौंड भाड्याने ९००० वर्षांच्या कराराने घेतली. इकडे वीस वर्षांच्या गृहकर्जाला आम्ही जामीन मागतो! हम्मुराबीच्या कायद्यात मापात मारणाऱ्या बियरवालीला पाण्यात फेकण्याची शिक्षा होती. हे ऐकले आणि कॅशच्या खिडकीत पुढचे आठ दिवस मी प्रत्येक बंडल दोनदा मोजले.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी ठेवणीतली गोष्ट काढली. १८१४ साली लंडनमध्ये एका बियरच्या कारखान्यातले प्रचंड पिंप फुटले आणि गल्लीतून बियरचा पूर आला. "आठ जण बुडाले हो, बियरमध्ये!" आम्ही खो खो हसलो. वकील म्हणाले, "मरण असावे तर असे!"

द्राक्षवाला हसला नाही. "सर, कोण होते ते आठ जण?"

प्रोफेसरांना खोटे बोलता येत नाही, म्हणून तर ते प्रिन्सिपॉल झाले नाहीत. ते हळूहळू सांगू लागले. वस्ती गरिबांची होती. मेल्या त्या बायका आणि मुले. एका तळघरात लहान लेकराच्या मरणाचा शोक चालला होता, त्यातलेच पाच गेले. दोष कुणाचाच निघाला नाही; अपघात ठरला. आणि वाहून गेलेल्या बियरवरचा कर कारखान्याला सरकारने परत दिला.

हे ऐकून माझ्यातला कॉमर्सवाला जागा झाला. जमेशिवाय नावे नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. इथे कर जमा झाला कारखान्याला, हसू जमा झाले आम्हाला, दोनशे वर्षांनी! आणि नावे पडले ते त्या तळघराच्या.

द्राक्षवाल्याने समोरची बाटली फिरवून लेबलावरचे बारीक अक्षर वाचले. "वाळूज," तो म्हणाला, "म्हणजे जायकवाडीचं पाणी. म्हणजे आपलंच."

नाशिककराला यापुढे काही सांगावे लागत नाही. २०१५ च्या दुष्काळात नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी १२ टीएमसीहून अधिक पाणी सोडण्याचा हुकूम निघाला. एक टीएमसी म्हणजे २८०० कोटी लिटरच्या वर. आमच्या कॅल्क्युलेटरवर बसत नाही. २०१६ च्या एप्रिलात इकडे रामकुंड कोरडे पडले, तिकडे लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी गेले, आणि मराठवाड्यातल्या मद्याच्या कारखान्यांचे पाणी ६० टक्क्यांपर्यंत कापण्याचा आदेश हायकोर्टाला द्यावा लागला.

"झालं तर!" वकील म्हणाले. "कोर्टाने कापलं, कारखान्याने पाणीपट्टी भरली, आपल्याकडे परवाना आहे. आपला संबंध काय?"

प्रोफेसर म्हणाले, "तसं पाहिलं तर एक कप कॉफीमागेही, पीक धरून, १४० लिटर पाणी जातं. किलोभर द्राक्षांना जागतिक सरासरीने ६०० लिटर. मग कोण निर्दोष?"

मला हा युक्तिवाद ओळखीचा वाटला. थकबाकीदार काउंटरवर हेच म्हणतात, "साहेब, सगळ्यांचंच थकलंय." सगळ्यांचे थकले म्हणून कुणाचे माफ होत नाही, एवढे तरी बावीस वर्षांच्या नोकरीत मला कळले आहे. पण हे बोलायला तोंड रिकामे हवे. माझ्या तोंडात वाळूजचीच बियर होती.

"मी कुठं म्हणतो, मी धुतल्या तांदळासारखा?" द्राक्षवाला म्हणाला. "माझी द्राक्षं बोटीनं युरोपात जातात, पाण्यासकट. पण त्या साली मी विहिरीच्या काठावर बसून होतो. तिकडच्या एखाद्या बाईच्या हंड्यात पडलं असेल तर पावलं. किती हंड्यात गेलं आणि किती बाटलीत, एवढा हिशेब मात्र मला आजवर कुणी दिला नाही."

कुणी काही बोलले नाही. मी पुढची बाटली उघडली नाही, असे लिहिता आले असते तर शोभले असते. पण ताळेबंदात खोटे लिहू नये. उघडली. 'हं' मात्र त्या दिवशी कुणी म्हणाले नाही.

उठताना द्राक्षवाल्याने बाटल्या गार करायला ठेवलेली पाण्याची बादली उचलली आणि वकिलांच्या कढीपत्त्याच्या कुंडीत रिकामी केली. तेव्हापासून तो रिवाज पडला आहे. हल्ली बादली कुणी उचलायची यावर आमची भांडणे होतात. घरी हे मोठ्या तोऱ्यात सांगितले, तर सौ. म्हणाली, "बादलीभर पाण्याने पाप फिटतं वाटतं?"

"फिटत नाही," मी म्हटले. "पण नोंद तरी बरोबर खात्यावर पडते."

"मग त्या परवान्यावरही करून घ्या एकदा बरोबर नोंद," ती म्हणाली आणि उद्याचे पाणी भरायला गेली.