होकार कुठवर पुरतो?

१७९१ च्या सप्टेंबरात कोत्झ्वारा नावाचा बोहेमियाकडचा एक संगीतकार लंडनमध्ये मेला. ‘द बॅटल ऑफ प्राग’ ही त्याची रचना त्या काळी फार लोकप्रिय होती. मरताना त्याच्या गळ्यात दोरी होती. कामसुख वाढावे म्हणून ती त्याच्याच हट्टाने बांधलेली होती, असे त्याच्यासोबतच्या सुझाना हिल या वेश्येचे म्हणणे. तिच्यावर ओल्ड बेलीत खटला चालला आणि ती निर्दोष सुटली. मागणाऱ्याने मागितले, देणारीने दिले, मग दोष कुणाचा? संमती म्हणजे एकदा दिलेली परवानगी, ही समजूत या प्रश्नात गृहीत आहे आणि आजही बहुतेकांच्या मनात ती तशीच असते. बंधन, वर्चस्व आणि वेदना यांचा परस्परसंमतीने चालणारा लैंगिक खेळ आज बीडीएसएम या नावाने ओळखला जातो. त्यातले इतर पुष्कळ प्रकार या समजुतीवर निभावून जातात. श्वास किंवा मानेतला रक्तप्रवाह रोखण्याच्या प्रकारात मात्र ती कोसळते, कारण तिथे ज्या मेंदूने होकार दिला त्याचाच पुरवठा तोडला जातो.

होकाराला कायद्याने पूर्वी मर्यादाच घातली नव्हती, असे नाही. मेकॉलेच्या मसुद्यातून आलेल्या १८६० च्या भारतीय दंड संहितेतले कलम ८७ बऱ्यापैकी उदार होते. अठरा वर्षांवरील माणसाने पत्करलेली इजा गुन्हा ठरत नसे. अट एवढीच की मृत्यू किंवा जबर दुखापत करण्याचा हेतू नसावा आणि तसे घडण्याचा संभव करणाऱ्याला माहीत नसावा. उदाहरण दिले होते मौजेखातर खेळल्या जाणाऱ्या तलवारबाजीचे. इंग्लंडमध्ये १९९३ साली ब्राउन खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी काही समलिंगी पुरुषांना अशाच खेळांबद्दल झालेली शिक्षा कायम केली. त्यांनी जे केले ते खासगीत केले होते, एकमेकांच्या मर्जीने, आणि त्यांच्यापैकी कुणाचीच तक्रार नव्हती. तो निकाल वाचताना न्यायमूर्तींच्या धास्तीपेक्षा त्यांची किळसच जास्त बोलते. एका नवऱ्याने बायकोच्या इच्छेने तिच्या नितंबांवर तापलेल्या सुरीने स्वतःची आद्याक्षरे डागली होती; तीनच वर्षांनी अपील न्यायालयाला मात्र त्यात गुन्हा दिसला नाही. शरीराचे काय होते यापेक्षा शरीरे कुणाची आहेत, हेच न्यायालय पाहत होते.

या काळात खरा विचार चालला होता तो या खेळात असलेल्यांमध्येच. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या समलिंगी पुरुषांच्या वर्तुळात ‘सेफ, सेन, कन्सेन्शुअल’ हे सूत्र आले: सुरक्षित, शहाणपणाचे, संमतीचे. पुढच्या दशकाच्या अखेरीस त्यावर आतूनच आक्षेप निघाला. पूर्ण सुरक्षित असे काही नसते. धोका ओळखून पत्करा, इतकेच म्हणा. हे प्रामाणिक होते. पण धोका ओळखायचा तर तो कमी-जास्त कशाने होतो हे कळायला हवे, आणि इथेच जे वाइझमन यांनी बोट ठेवले. वाइझमन हे या विषयावरच्या एका गाजलेल्या मार्गदर्शकाचे लेखक. त्याआधी रुग्णवाहिकेवर काम केलेले. श्वास रोखण्याच्या प्रकाराला सुरक्षित करण्याची कोणतीही पद्धत आपल्याला सापडलेली नाही आणि करणाऱ्याच्या अनुभवाने त्यातला धोका घटत नाही, असे त्यांनी १९९० च्या दशकात सरळ लिहिले. चाबूक आणि दोर यांवर तपशीलवार लिहिणारा माणूस इथे हात वर करतो, याला कोणत्याही न्यायाधीशाच्या नाराजीपेक्षा जास्त वजन आहे.

शरीरशास्त्र त्यांच्या बाजूने आहे. १९४३ मध्ये रॉसन, काबाट आणि अँडरसन या अमेरिकन संशोधकांनी तरुण पुरुषांच्या मानेवर हवेने फुगणारा पट्टा बसवून मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ थांबवला. पाच ते अकरा सेकंदांत त्यांची शुद्ध हरपली. त्याच्या किंचित आधी डोळे एका जागी खिळले. रक्त अडते तेव्हा हवा चालूच असू शकते, त्यामुळे गुदमरल्याची धोक्याची घंटा वाजेलच असे नाही. हवीहवीशी वाटणारी ती गुंगी म्हणजेच मेंदूच्या उपासमारीची पहिली खूण. सुख कुठे संपले आणि अपाय कुठे सुरू झाला, हे ज्याला सांगायचे त्याचीच सांगण्याची ताकद त्या सेकंदांत ओसरत असते. थांबण्यासाठी ठरवलेला शब्द बोलायलाही शुद्ध लागते. शिवाय मानेवरच्या दाबाने हृदयाची लय बिघडू शकते. धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडून, गुठळी धरून काही दिवसांनी पक्षाघात होऊ शकतो. बाहेरून काही दिसेलच असेही नाही: सॅन डिएगोत गळा दाबल्याच्या तीनशे पोलिसी प्रकरणांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात बहुतेक पीडितांच्या मानेवर फोटो काढण्याजोगी खूणही नव्हती.

मग उरतो विश्वास. ‘आम्ही एकमेकांना ओळखतो’ हे उत्तर खोटे नसते, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचे असते. विश्वास जोडीदाराच्या हेतूची हमी देतो. धमनीला हेतू कळत नाही. १९९९ मधले एमेट प्रकरण इथे पाहण्यासारखे आहे. लग्न ठरलेले जोडपे, पुढे विवाहबद्ध झालेले. एका प्रसंगात तिच्या डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी होती आणि तो इतका रंगून गेला की तिला कळण्यासारखा आवाजही काढता येत नाही, हे त्याच्या उशिरा लक्षात आले. पिशवी काढली, ती वाचली. डोळ्यांत रक्तस्राव झाला होता. त्याचे तिच्यावर प्रेम नव्हते, असे कुणीच म्हटले नाही. राखण करणाराच नशेत असतो, ही या खेळाची रचनाच आहे.

२०११ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने जे. ए. खटल्यात होकार कुठवर पुरतो हा प्रश्न नेमका पकडला. स्त्रीने गळा दाबायला होकार दिला होता. ती सुमारे तीन मिनिटे बेशुद्ध होती आणि तेवढ्यात तिच्या शरीराशी आणखी काही झाले. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालय म्हणाले की संमती जागी असावी लागते आणि कृती चालू असेपर्यंत चालू असावी लागते. आगाऊ देऊन ठेवता येत नाही. न्यायमूर्ती फिश यांचे भिन्नमत हलके नव्हते. या न्यायाने झोपलेल्या जोडीदाराचे चुंबनही गुन्हा ठरेल, आणि स्त्रीच्या स्वातंत्र्याच्या नावाखाली तिचाच निर्णय हिरावला जाईल, असे त्यांचे म्हणणे. पहिला आक्षेप मला पटतो. कायद्याने तिथे तारतम्य ठेवावे. दुसरा पटत नाही, कारण स्वातंत्र्यात मन बदलण्याची मुभाही येते, आणि बेशुद्ध माणसाकडे तेवढीच नसते.

गिर्यारोहक आणि ज्यूदोपटू यांचा दाखला हमखास दिला जातो. गिर्यारोहणात कौशल्याने धोका खरोखर घटतो. ज्यूदोत तर गळ्यावरची पकड नियमात बसते, म्हणून तो दाखला अधिक अवघड. पण तिथे हाताची थाप मिळताच सोडायचे हे हाडीमांसी भिनवलेले असते आणि शेजारी शुद्धीवरचा तिसरा माणूस, म्हणजे पंच, उभा असतो. शयनगृहात पंच नसतो, हे सांगायला नकोच. आणखी एक आक्षेप जास्त गंभीर: बोलायचेच टाळले तर लोक लपून करतील. हे खरे आहे, म्हणून तर बोलायला हवे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठीय सर्वेक्षणात निम्म्याहून अधिक विद्यार्थिनींनी संभोगात कधीतरी गळा दाबला गेल्याचे सांगितले. जुन्या वर्तुळांत आधी तासभर बोलणी तरी होत. तो भाग गळून पडला आणि कृती तेवढी पसरली.

हे सगळे आपल्यापासून लांबचे वाटत असेल, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता उघडावी. मेकॉलेची तलवारबाजी कलम २५ मध्ये जशीच्या तशी आहे, आणि जिवाला धोका पोहोचवणारी इजा आजही जबर दुखापतच ठरते. म्हणजे जगला-वाचला तरी करणाऱ्याला केवळ होकाराचा आधार फारसा मिळू नये. पण कलम १०१ च्या पाचव्या अपवादात वेगळीच वाट आहे: अठरा वर्षांवरील व्यक्तीने स्वतःच्या संमतीने मृत्यूचा धोका पत्करला असेल, तर तो खून ठरत नाही, सदोष मनुष्यवध ठरतो. इंग्लंडने २०२१ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यात लैंगिक सुखासाठी जबर इजेला संमती होती, हा बचावच बंद केला, कारण मेलेल्या स्त्रीच्या वतीने तिचा होकार सांगणारा आरोपी हाच एकटा साक्षीदार उरू लागला होता. आपली संहिता नव्याने लिहिली गेली ती २०२३ मध्ये, म्हणजे त्यानंतर दोन वर्षांनी. पाचव्या अपवादाचा असा वापर कुणी करील का, हा प्रश्न तेव्हा विचारायला हवा होता.